मदत हवी आहे: हवा बंद केली तर किती वेळ मिळतो?

शाईसांड: अंतराळातली किशोर कादंबरी लिहितेय, डिस्टोपियन, म्हणजे जुलमी, भयाण भविष्यातली. एका प्रसंगावर गाडी अडलीय. शिक्षा म्हणून प्रशासक मुलांच्या विभागाची हवा बंद करतो आणि नायिकेला दहा मिनिटांत दार उघडायचंय. भाऊ म्हणतो, दहा मिनिटांत कुणी मरत नाही. मग किती वेळात? आज रात्री प्रकरण संपवायचंय, लवकर सांगा.

घनमीटर: विभाग केवढा? मुलं किती? हवा बाहेर सोडली की नुसता पुरवठा थांबवला? बाहेर सोडली तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, दार कसलं उघडताय.

शाईसांड: पुरवठाच हो, उघड आहे ना! वीस मुलं. विभाग शाळेच्या सभागृहाएवढा.

घनमीटर: २००० घनमीटर धरतो. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे जेमतेम अर्धा घनमीटर. वीस जणांचा रोज अर्धा टक्का वाढेल. तीन टक्क्यांना डोकं ठणकायला लागेल, त्याला सहा दिवस. प्राणवायू संपायच्या कितीतरी आधी हाच वायू छळतो. १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानावर हेच झालं, हा वायू शोषणारे चौकोनी डबे गोल जागेत बसवायची खटपट करावी लागली.

रातकिडा: आकडे फेका हो. तिला काय वाटतं ते लिहा, मुलं तेवढंच वाचतात.

घनमीटर: तेरा वर्षांचा वाचकच आधी आकडा पकडतो. तुमच्या घरात नसेल असा.

शब्दवेडा: डिस्टोपियाला 'दुःस्वप्ननगरी' कसं वाटतं?

भिंगरी: यान फिरतं का? मिनिटाला दोन फेऱ्या असतील तर पृथ्वीइतकं वजन जाणवायला त्रिज्या २२४ मीटर लागते.

शाईसांड: गुरुत्वाकर्षणाचं मी विचारलंच नाहीये. फिरत नाही, सगळे तरंगतात.

भिंगरी: अहो, मग हे आधी सांगायचं! वजन नसेल तर गरम हवा वर जात नाही. पंखे बंद पडले की झोपलेल्याचा उच्छ्वास त्याच्या तोंडाभोवतीच साचतो. सभागृह कितीही मोठं असो, त्याला काय त्याचं.

शाईसांड: म्हणजे प्रशासकाने हवा बंदच करायची नाही? रात्री नुसते पंखे थांबवायचे?

घनमीटर: आणि यंत्रावर प्राणवायू व्यवस्थित दिसेल. हे मात्र पटलं.

शाईसांड: मग नायिका एकेकाला हलवून उठवत सुटेल, दाराकडे जाणारच नाही. आठव्या प्रकरणापासून सगळं बदलावं लागणार. आज झोप नाही.

शब्दवेडा: 'दुःस्वप्ननगरी'चं काय ठरलं?