इटलीतले फुलांचे गालिचे, नक्की कधी आणि कुठे बघायचे?

ठाण्याची_मैना:
नमस्कार मंडळी, 2027 ला आईबाबांना घेऊन इटलीला जायचं चाललंय. आईने रस्ताभर पाकळ्यांची चित्रं घातल्याचे फोटो बघितले, तेव्हापासून तिचं एकच, रोम नाही दाखवलंस तरी चालेल पण हे दाखव. स्पेल्लो आणि जेन्झानो ही दोन गावांची नावं मिळाली. 10 जूनच्या आसपासची तिकिटं बघतोय, तेव्हा असतं का? आईचे गुडघे दुखतात, चढ असेल तर तेही सांगा.

पेरुजातला_पाहुणा:
मैनाताई, तिकिटं काढू नका अजून! हा कॉर्पस डोमिनीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या शरीराचा कॅथलिक सण, ईस्टरनंतरच्या नवव्या रविवारी येतो. 2027 ला ईस्टर 28 मार्चला आहे म्हणजे स्पेल्लोचा रविवार 30 मे. 10 जूनला झाडलेले रस्ते दिसतील फक्त.

मी दोनदा गेलोय आणि कळकळीने सांगतो, शनिवारी संध्याकाळीच पोचा. खरी मजा रात्री आहे, अख्खं गाव रस्त्यावर गुडघ्यावर बसलेलं असतं, वर तंबू आणि दिवे, आजीपासून नातवापर्यंत सगळे. रंग अजिबात चालत नाही, सगळं फुलापानांचंच, पिवळ्याला जिनेस्त्रा नावाची रानातली फुलं, हिरव्याला बडीशेपेचा पाला, त्यामुळे गल्लीभर बडीशेपेचा वास. काही फुलं महिनोन्‌महिने आधी गोळा करून वाळवतात. एक काकू वाळलेल्या पाकळ्यांचा चुरा चिमटीत धरून चेहऱ्याची सावली भरत होत्या, अगदी आपण रांगोळी सोडतो तशी, मी अर्धा तास तिथून हललोच नाही. चढ मात्र आहे, गाव डोंगराच्या उतारावर आहे, आईंना दमाने न्या.

रोमची_सून:
गुडघ्यांचा विचार केला तर जेन्झानो. रोमजवळच आहे, 1778 पासूनची परंपरा. एकच सरळ चढाचा रस्ता, वर चर्च, त्यामुळे खाली उभं राहूनही लांबवर दिसतं. फक्त इथली तारीख काही वर्षी आठवडा-दोन आठवडे पुढे जाते, नगरपालिकेने जाहीर केल्यावरच ठरवा. सोमवारी गावातली पोरं वरून धावत येऊन सगळं उधळतात, तेही बघा.

ठाण्याची_मैना:
बापरे वाचलो! आई शेजारी बसून वाचतेय आणि विचारतेय, रात्रभर राबून केलेलं तुडवतात, त्यांना वाईट नाही वाटत?

वसईकर:
काकूंना सांगा, ते तुडवण्यासाठीच करतात हो. रविवारी सकाळी बिशप पवित्र साक्रामेंत, म्हणजे येशूचं शरीर मानलेली पवित्र भाकर, हातात घेऊन मिरवणुकीने त्या गालिच्यावरून जातात. आम्ही कॅथलिक, आमच्यासाठी तो स्वतः येशूच रस्त्यावरून चाललेला असतो. पालखी येणार म्हणून तुम्ही पायघड्या घालता ना, माऊलींचा पाय पडला की त्या सार्थकी लागतात, तसंच. कोणी पाय न ठेवता तसाच राहिला तर मात्र वाईट वाटेल.

ठाण्याची_मैना:
आईचे डोळे भरून आले. स्पेल्लोच करतोय, 28 मेला रोमला उतरू. पाहुणादादा, तिथे रात्री तिला बसायला कुठे मिळेल का की फोल्डिंग स्टूल घेऊ?

पेरुजातला_पाहुणा:
स्टूल घ्याच. आणि शाल, मेअखेरीला पहाटे तिथे चांगलाच गारवा असतो.