सहा मैत्रिणी, सहा बातम्या: सात कॉलमध्ये का होत नाही?

फळाखडू
नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांना एक कोडं घातलं होतं. सहा मैत्रिणी, प्रत्येकीकडे एक वेगळी बातमी, फोनवर एका वेळी दोघीच बोलणार, कॉन्फरन्स नाही, मेसेज नाही, आणि बोलल्या की दोघी तोपर्यंत कळलेलं सगळं एकमेकींना सांगून टाकतात. सगळ्यांना सगळं कळायला कमीत कमी किती कॉल? मी एकीला मधे धरलं, पाच जणी तिला फोन करतात, पाचवी बोलली की त्या दोघींना सगळं माहीत, मग उरलेल्या चौघींना परत एकेक, झाले 9. पण वर्गातली एक मुलगी म्हणते आठमध्ये होतं, फळ्यावर करूनही दाखवलं पण उतरवून घ्यायच्या आत तास संपला. ते आठ कसे, आणि आठ होत असतील तर सात का नाही?

वजाबाकी
मुलगी बरोबर आहे, तिला माझ्याकडून शाबासकी द्या! एकीऐवजी चौघी मधे घ्या, अ ब क ड. आधी इ आणि फ दोघी अ ला फोन करतात. मग अ-ब, क-ड, मग अ-क, ब-ड. इथे चौघींकडे सहाच्या सहा बातम्या आल्या. मग अ परत इ ला आणि फ ला. 2+4+2 = 8. कॉल वाचतो तो त्या चौकोनात, कारण तिथे कोणालाच स्वतःची बातमी परत ऐकावी लागत नाही. पुढे माणूस वाढला की दोन कॉल वाढतात, म्हणजे चार किंवा जास्त जणांसाठी दुप्पट वजा चार.

फळाखडू
वा, चौकोन डोक्यातच आला नव्हता. पण सात नाहीच हे मुलांना कसं पटवू?

रात्रपाळी
दोन पायऱ्यांत पटतं. आधी पाच जणी घ्या. कोणा एकीला सगळं कळायलाच निदान 4 कॉल हवेत, आणि चौथ्या कॉलला फार तर दोघींचं काम होतं, उरलेल्या तिघींना अजून 2, म्हणजे पाच जणींना 6 च्या खाली नाही. हाच हिशोब सहा जणींना लावला तर 5+2 = 7 वरच थांबतो, म्हणून सात वेगळे खोडावे लागतात.

आता समजा सातमध्ये झालं. त्यात एखादीला स्वतःची बातमी फिरून परत ऐकू आली असेल तर तिला काढून टाका: ज्या कॉलने बातमी निघाली आणि ज्या कॉलने परत आली ते दोन्ही गेले, मधले तिचे कॉल त्या वेळी बातमी ज्या मैत्रिणीपर्यंत पोचली होती तिला देता येतात. म्हणजे पाच जणींचं 5 कॉलमध्ये झालं, आणि ते तर अशक्य आहे हे आत्ताच बघितलं. म्हणजे स्वतःची बातमी कोणालाच परत येत नाही. मग कोणतीही एक घ्या, तिची बातमी बाकीच्यांपर्यंत जायला निदान 5 कॉल, पाच बातम्या तिच्याकडे यायला निदान 5, आणि दोन्ही कामं एकाच कॉलमध्ये होतात ती फक्त ती स्वतः फोनवर असतानाच (नाहीतर तिची बातमी तिच्याकडे परत येईल). एकूण कॉल सातच, म्हणून तिचे स्वतःचे निदान 3. सहाही जणींचे 3-3 म्हणजे 18, एका कॉलला दोघी, म्हणजे निदान 9 कॉल. सातमध्ये बसतच नाही.

वजाबाकी
सुंदर! हा शेवटचा हिशोब नऊ जणांपर्यंतच पुरतो, पुढे जास्त मेहनत आहे. सगळ्या आकड्यांसाठीची प्रूफ 1971-72 मध्ये आली. हायनल, मिल्नर आणि सेमेरेदी यांच्या 1972 च्या पेपरचं नावच 'टेलिफोनच्या रोगावर उपाय' अशा अर्थाचं आहे.

कॉल_सेव्हर
एकाच वेळी अनेक जोड्या बोलू शकत असतील तर प्रश्न बदलतो, तिथे राउंड मोजायचे. आठ जणी असतील तर 3 राउंड, दर राउंडला 4 जोड्या, एकूण 12 कॉल, आणि कमीत कमी कॉलही 12 च. पण सोळा जणींना 4 राउंडमध्ये उरकायचं तर 32 कॉल लागतात, घाई नसेल तर 28 पुरतात.

फळाखडू
सोमवारी सहा मुलींना चिठ्ठ्या देऊन वर्गातच करून घेतो, आणि आठ जणींचे 3 राउंड त्या मुलीलाच शोधायला सांगतो.