शब्दचर्चा : तारण, खंडणी, विसार, वतन

तिरकस :
नगरला एका मित्राकडच्या लग्नासाठी चर्चमध्ये गेलो होतो. पाळकांच्या उपदेशात ‘तारण’ हा शब्द सारखा येत होता. शेवटी तर “तुमचं तारण झालं आहे का?” असा थेट सवालच आला. माझ्या घराचं झालं आहे, बँकेकडे. पण ते त्यांना अपेक्षित नसावं. प्रश्न असा, की ‘सोनेतारण कर्ज’ मधलं तारण आणि हे तारण एकच, की दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात?

मुळाकाठ :
एकच. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे तरणे, त्याचं प्रयोजक तारणे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ मधलं तारी तेच. तारण म्हणजे पैलतीराला नेणं, चर्चच्या भाषेत पापातून सुटका. सावकारी अर्थाबद्दल माझा तर्क असा, की ऋणको बुडाला तर धनकोला जे तारतं ते तारण. पैसे ‘बुडतात’, कर्ज ‘बुडीत’ जातं, माणूस कर्जात ‘आकंठ’ असतो. आपली सगळी उधारी पाण्यातच चालते, त्यामुळे तारणही तिथलंच.

जमाखर्च :
या विषयावर बोलायचा मला दुहेरी अधिकार आहे. घर नगरचं, प्रॉटेस्टंट. नोकरी अख्खी पतसंस्थेत. सोमवार ते शनिवार तारण म्हणजे सीलबंद पाकिटातला दागिना आणि रविवारी तारण म्हणजे मी स्वतः. या दोन अर्थांनी माझी कधी अडचण झाली नाही. उलट पतसंस्थेत बसल्यामुळे बायबल जास्त कळलं असं माझं मत आहे, आणि ते सांगितलं की आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे अजून नाराज होतात.

आमचं मराठी बायबल उघडून बघा. भाषा अर्धी देवळातली, अर्धी तलाठी कार्यालयातली. जुना ‘करार’, नवा ‘करार’. इब्री लोकांस पत्रात येशू चांगल्या कराराचा ‘जामीन’ आहे. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द ‘विसार’. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की देवाने आपल्या अंतःकरणात आत्मा विसार म्हणून दिला आहे. शहरातली मुलं आता ‘टोकन अमाउंट’ म्हणतात, पण गावाकडे जमिनीच्या व्यवहारात विसार दिल्याशिवाय शब्दाला किंमत नसते. विसारपावती झाली की घेणारा बांधला गेला. मागे फिरला तर दिलेली रक्कम गेली.

पौलाचा मूळ ग्रीक शब्द ‘अराबोन’. तो ग्रीकांना सेमिटिक व्यापाऱ्यांकडून मिळाला, म्हणजे जन्मच बाजारातला. हिब्रूतला त्याचा भाऊबंद ‘एराबोन’ बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 38व्या अध्यायात येतो. यहूदा ओळख न पटलेल्या आपल्या सुनेला, तामारेला, करडू पाठवीन म्हणतो, ती म्हणते तोवर काहीतरी ठेव, आणि हा आपली मुद्रा, गोफ आणि काठी देऊन बसतो. पुढे त्याच वस्तू त्याला भारी पडतात. (अनोळखी माणसाकडे सही-शिक्का ठेवू नये, हे आम्ही कर्जदारांना फुकट सांगायचो.) आजच्या ग्रीकमध्ये याच शब्दाचा अर्थ साखरपुडा.

आता यातली गंमत बघा. विसार नेहमी विकत घेणारा देतो. पौलाच्या वाक्यात विसार देणारा देव आहे. म्हणजे या व्यवहारात गिऱ्हाईक तो आहे, आपण नाही. आपल्याकडे नवस, मेणबत्ती, उपास, दान यांत आपण विसार देतो आणि देवाने खरेदीखत करावं अशी अपेक्षा धरतो. यात ख्रिस्ती-बिगरख्रिस्ती असा काही फरक नाही. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाची (खास प्रार्थनेची) रांग बघा, सगळ्या धर्मांचे लोक असतात.

पाचूबंदर :
मी वसईचा, कॅथलिक. विसाराचं पटलं. पण तुमच्या त्या ‘खंडणी’चं काय? मार्कच्या शुभवर्तमानात, 10:45 – मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण ‘खंडणी म्हणून’ द्यायला आला. तरुणांच्या शिबिरात हे वाचलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. त्यांना खंडणी म्हटलं की दुबईहून फोन, बिल्डर, मुंबई पोलिसांचं खंडणीविरोधी पथक. तीस-पस्तीस वर्षांच्या गँगस्टर पिक्चरांनी तो शब्द कायमचा बाटवला आहे. मोबदला, मुक्तिमोल असं काहीतरी करायला काय हरकत आहे?

जमाखर्च :
‘मोबदला’ला माझी हरकत आहे. मोबदला भूसंपादनात मिळतो, आणि तोही उशिरा.

खंडणी पिक्चरवाल्यांच्या आधीपासून आहे. मराठेशाहीत जिंकलेल्या किंवा दबलेल्या मुलखाकडून ठरवून घेतलेली रक्कम ती खंडणी. म्हणजे धाक तेव्हाही होताच, फक्त तो राजाचा होता. मार्कचा ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ हा गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजायची किंमत. तिथेही कोणीतरी पकडलेला आहे, कोणीतरी धरून बसला आहे. शब्द गुळगुळीत केला की पकडून ठेवणारा नाहीसा होतो आणि वाक्यातला जीव जातो. तुमच्या मागच्या बाकावरच्या पोरांना जे ऐकू येतं ते बरोबरच ऐकू येतं. माझ्या मते त्यांना हसू द्यावं आणि मग विचारावं: खंडणी दिली, पण कोणाला?

हा प्रश्न आगाऊ नाही. चर्चच्या मोठमोठ्या पंडितांनी तो विचारलेला आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने म्हटलं, सैतानाला दिली. कारण माणूस त्याच्या ताब्यात होता. चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी याच्याही पुढे गेला. ख्रिस्ताचं देवत्व मानवी देहाखाली लपलं होतं, जसा आमिषाखाली गळ. सैतानाने आमिष गिळलं आणि अडकला. आपल्या पिक्चरांत खंडणीच्या बॅगेत वर नोटा आणि खाली कोरे कागद असतात, तसाच हा डाव. पण त्याच काळातल्या दुसऱ्या ग्रेगरीला, नाझियान्झसच्या, हे अजिबात रुचलं नाही. लुटारूला देवाने खंडणी द्यायची, आणि तीही स्वतः देवच? हे लाजिरवाणं आहे असं त्याचं म्हणणं.

मग अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने बाजूच फिरवली. सैतानाचं माणसावर काही घेणं नाही, माणूस देवाचं देणं लागतो. आणि ते इतकं मोठं, की फेडायची पात्रता देवाची आणि जबाबदारी माणसाची. म्हणून जो दोन्ही आहे तोच फेडणार.

तिरकस :
म्हणजे ‘भाई’ गेला आणि सावकार आला.

जमाखर्च :
हसले. पण हो, साधारण तसंच.

जुना ‘भाई’वाला अर्थ मात्र मेला नाही, तो गोष्टींमध्ये टिकला. ‘नार्निया’ मुलांनी पाहिला असेल. सी. एस. लुईसचं पुस्तक 1950चं, सिनेमा 2005चा. फितूर झालेल्या एडमंडवर चेटकिणीचा हक्क आहे, आणि सिंह अस्लान त्याच्या बदली स्वतः दगडी मेजावर जातो. चेटकिणीला वाटतं सौदा जिंकला. हा सरळसरळ निसाच्या ग्रेगरीचा गळ आहे. आमच्या मंडळीतल्या पोरांना रविवारच्या शाळेत जे कळलं नव्हतं ते पॉपकॉर्न खाता खाता कळलं. मला याचं वाईट वाटत नाही.

पाचूबंदर :
मान्य, खंडणी राहू द्या. मग आणखी एक. आम्ही प्रभूच्या प्रार्थनेत ‘अपराधांची क्षमा’ म्हणतो. तुम्ही ‘ऋण’ म्हणता ना? आंतरमंडळी प्रार्थनेत तेवढ्या ओळीला नेहमी गडबड होते, अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

जमाखर्च :
होय. “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.” मत्तयाच्या ग्रीकमध्ये ‘देणी’ असाच शब्द आहे, लूकने पहिल्या जागी ‘पापे’ केलं. येशू बोलायचा त्या अरामी भाषेत ‘होबा’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे दोघांचंही बरोबर. मला ऋण आवडतं ते व्यावसायिक कारणाने. ‘क्षमा केली’ हे तोंडाने म्हणता येतं. ‘कर्ज सोडलं’ म्हणायचं तर खतावणीत नोंद करावी लागते, आणि तेवढा तोटा कोणाच्या तरी नावे पडतो.

मत्तयाच्या 18व्या अध्यायातला दाखला (येशूची बोधकथा) घ्या. एका चाकराला राजा दहा हजार तलान्त माफ करतो आणि तोच बाहेर पडून शंभर दिनारांसाठी दुसऱ्याची नरडी धरतो. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. तलान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे इकडे सहा कोटी दिवसांची मजुरी, तिकडे शंभर दिवसांची. हा आकडा येशूने मुद्दाम अशक्य ठेवला आहे. कोणतीही पतसंस्था चाकराला एवढं कर्ज मंजूर करणार नाही. आणि जाता जाता, टीव्हीवरच्या ‘टॅलेंट शो’मधलं टॅलेंट म्हणजे हाच तलान्त. मत्तय 25मध्ये मालक चाकरांना तलान्त वाटून जातो, एक जण आपला पुरून ठेवतो. त्या दाखल्यावरून इंग्रजीत पैशाच्या मापाचं नाव अंगच्या गुणाला चिकटलं.

मुळाकाठ :
तुम्ही ‘वतन’ (वंशपरंपरेने चालणारा जमिनीचा वा कामाचा हक्क) सोडलंत. कनान देश इस्राएलाला वतन म्हणून मिळतो, लेव्यांना (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला) मात्र वतन नाही, परमेश्वरच त्यांचं वतन. नाबोथ अहाब राजाला द्राक्षमळा नाकारतो तो वाडवडिलांचं वतन म्हणून. मिशनऱ्यांबरोबर काम करणाऱ्या मराठी पंडितांना पाटील-कुलकर्णी-देशमुखांची वतनं रोज दिसत होती, त्यामुळे हा शब्द त्यांना सहज सुचला असणार. चपखल आहे, नाही?

जमाखर्च :
सोडलं ते मुद्दाम, कारण त्याबद्दल मी तटस्थ नाही.

पंडितांना चपखल होता. पण नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणारे बहुतेक लोक महार आणि मांग वाड्यांतले. आमचे पणजोबा त्यातलेच. त्यांच्या अनुभवात वतन म्हणजे हाडोळ्याचा (महारकीच्या इनाम जमिनीचा) तुकडा आणि थोडं बलुतं, आणि बदल्यात गावाची व सरकारची रात्रंदिवस राबणूक. एक माणूस नाही, अख्खं घर. डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध 1928 साली विधेयक आणलं. वतन प्रत्यक्षात गेलं ते 1958च्या कायद्याने. ज्यांना जमिनीच्या त्या तुकड्याने बांधून ठेवलं होतं, त्यांना पाळक सांगतो, स्वर्गात तुमच्यासाठी वतन राखून ठेवलं आहे. त्या लोकांनी हे कोणत्या कानाने ऐकलं असेल?

माझी आजी म्हणायची, “तिथं येसकरी नसंल ना, मग चालंल.” येसकरी म्हणजे वेशीवरची राखण, ती पाळीपाळीने महारांकडे असे. आजीला वतन हवं होतं, चाकरी नको होती. लेव्यांची ओळ तिला फार आवडायची. जमीन नाही आणि तरी कमीपणा नाही, असं लिहिलेलं तिने दुसरीकडे कुठे ऐकलं नव्हतं. म्हणून मी म्हणते, हा शब्द बदलू नये, पण उपदेशात तो गुळगुळीतही करू नये. नाबोथ वतनदार होता आणि राणीने राजाच्या नावाने त्याचा खून करवला, हेही त्याच श्वासात सांगावं.

तिरकस :
वातावरण फार गंभीर झालं, म्हणून एक हलका प्रश्न. दादा कोंडक्यांच्या पिक्चरांची ‘सिल्व्हर ज्युबिली’. तो शब्दही बायबलातलाच म्हणतात, खरं का?

जमाखर्च :
खरं. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायातलं ‘योबेल वर्ष’. योबेल म्हणजे मेंढ्याचं शिंग. ते फुंकून पन्नासावं वर्ष जाहीर करायचं. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत, आणि कर्जापायी राबणारा भाऊबंद मोकळा. लॅटिनमध्ये जाताना तो आनंदाने ओरडणे या अर्थाच्या क्रियापदाशी मिसळला आणि हिशेब मागे पडून जल्लोष तेवढा उरला. रोमने 1300 साली पहिली ज्युबिली केली, अलीकडची 2025ची. तिच्या निमित्ताने पोप फ्रान्सिस यांनी गरीब देशांची कर्जं सोडा असं श्रीमंत देशांना सांगितलं, म्हणजे निदान तेवढ्यापुरतं शिंग पुन्हा वाजलं.

आपल्याकडे तो थिएटरच्या फलकावर गेला. पंचवीस आठवडे पिक्चर चालला की ज्युबिली. दादांच्या लागोपाठ नऊ पिक्चरांची झाली, त्यात कोणाची जमीन परत मिळाली नाही, पण ब्लॅकवाल्यांचं बरं चाललं असावं.

पाचूबंदर :
शेवटचं विचारतो. हिंदी बायबलात ‘उद्धार’ म्हणतात. मराठीत ‘तारण’ऐवजी उद्धार का नाही रुळला? अर्थ तर चांगला आहे, वर काढणे.

मुळाकाठ :
जुन्या मराठीत आहे की. संतांच्या अभंगांत पतितांचा उद्धार भरपूर होतो. पण आज बोलण्यात कोणी कोणाचा उद्धार केला म्हटलं, की पुढे ‘आईबापाचा’ किंवा ‘सात पिढ्यांचा’ असतो.

तिरकस :
आमच्या सोसायटीच्या सभेत दरवर्षी सर्वांचा होतो.