मदत हवी आहे: 'नोंद काढा' लिंक सर्व्हरला डिलीटऐवजी गेट (GET, म्हणजे फक्त पान मागणारी) विनंती का पाठवते?

मंडळी, गिरगावातल्या आमच्या सोसायटीसाठी पाहुण्यांच्या गाड्यांच्या नोंदींचं छोटं ॲप केलंय. ते रेल्स या वेब-ॲप बनवायच्या फ्रेमवर्कच्या ५ व्या आवृत्तीवरून ७ व्या आवृत्तीवर आणलं आणि 'नोंद काढा' लिंक रुसली. क्लिक केलं की नोंद जात नाही, उलट तिचंच पान उघडतं. लॉगमध्ये डिलीटऐवजी गेट! लिंकवरचं जुनं 'मेथड डिलीट' रेल्स-यूजेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या जिवावर चालायचं, ७ मध्ये त्याजागी टर्बो ही दुसरी लायब्ररी आली, इतपत कळलं. लिंकला 'डेटा-टर्बो-मेथड' हे ॲट्रिब्यूट लावल्यावर नोंद जाते, पण रीडायरेक्टनंतर (सर्व्हरने यादीकडे वळवल्यावर) यादीच्या पत्त्यावरही डिलीटच जातं आणि राउटिंग एरर (त्या पत्त्यावर अशी विनंती चालत नाही) येते. रीडायरेक्टचा कोड ३०२ऐवजी ३०३ (पुढचं पान गेटनेच मागायला लावणारा) द्यायचा का? की सरळ रेल्सचं बटन-टू वापरून बटणाचा फॉर्मच करू? सेक्रेटरीकाकांना मात्र बटण नको, लिंकच दिसायला हवी. रोज लिफ्टपाशी गाठून विचारतात, "झालं का रे?"