आमची शिह त्झू कुत्री सतत पंजे चाटते, आता रात्री सोफा आणि फरशी पण – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्याकडे बुंदी म्हणून साडेचार वर्षांची शिह त्झू आहे, वजन सहा किलो. डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा.

पंजे ती आधीपासून थोडेफार चाटायचीच पण पाऊस सुरू झाला तसं ते इतकं वाढलंय की जेवण आणि झोप सोडली तर तोंड पंजातच. पुढच्या पायांचे पांढरे केस पार विटकरी झालेत. काल टॉर्च लावून बोटं फाकवून बघितली तर आतली कातडी लालबुंद आणि ओलसर, केस एकमेकांना चिकटलेले आणि वास अगदी न वाळलेल्या गोणपाटासारखा. कानालाही थोडा तसाच वास येतोय. मी हात लावला की पाय ओढून घेते आणि माझाच हात चाटायला लागते, बघवत नाही हो.

डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आले. दर वेळी एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या, दोन दिवसांत एकदम छान वाटतं आणि वीसेक दिवसांत परत पहिले पाढे. इंजेक्शन कसलं विचारलं तर "खाजेचं", नंतर चिठ्ठी नीट वाचली तेव्हा कळलं स्टेरॉइड आहे. ते द्यायला लागलं तर माझी ना नाही, पण हे कशामुळे होतंय ते तरी कोणीतरी बघायला हवं ना.

आता दुसरं, ज्याची मला जास्त भीती वाटतेय. गेले दोन आठवडे रात्री अडीच-तीनला चप चप चप आवाज येतो, उठून बघते तर सोफ्याचा हात चाटतेय, तिथून उठवलं की फरशी, मग बेडची कड. मधेच मान लांब करून घोट गिळल्यासारखं करते. दोन-तीनदा सकाळी पिवळा फेस ओकली.

सासूबाई प्रेमाने हळद-खोबरेल लावतात, ते ती पाच मिनिटांत चाटून साफ. मुलगा "बुंदी नो" म्हणून ओरडतो, ती थांबते, त्याच्याकडे बघते आणि परत सुरू. त्याची दहावी असल्यामुळे संध्याकाळचं खेळणं बंद झालंय, म्हणून कंटाळून करत असेल का? खाणं म्हणाल तर सकाळी पाकिटातलं कोरडं खाणं, संध्याकाळी सातला चिकन-भात, मधे पोळीचे तुकडे, बिस्किट. फरशी दोन वेळा फिनाईलने पुसतो. सवय आहे की आजार, आणि सुरुवात कुठून करू, प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, पंजे आणि फरशी हे दोन वेगळे प्रश्न धरा, एकात मिसळू नका. लाल कातडी, वास, त्यात कान पण आहेत म्हणजे हे नुसतं कंटाळ्याचं नाही. केस विटकरी होतात ते लाळेतल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्यामुळे, म्हणजे किती दिवस चाटतेय त्याचा तो पुरावाच समजा. बहुतेक वेळा मुळाशी अ‍ॅलर्जी असते, आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या की तिथे यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी वाढते, त्याने अजून खाज, अजून चाटणं, परत ओल. डॉक्टरांना सरळ म्हणा की चिकटपट्टी लावून मायक्रोस्कोपखाली बघा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पिसवा-गोचिडांचं औषध महिन्याच्या महिन्याला चालू आहे का तेही बघा, आणि फिनाईल आजपासून बंद, साध्या पाण्याने पुसा. फिरून आलं की चारही पंजे धुऊन बेचक्यांसकट कोरडे करायचे, नुसतं वरवर पुसून उपयोग नाही.

प्रतिसाद:
आमचा पॉमेरेनियन एकच गुडघा चाटायचा, आम्ही तीन महिने त्याला मलम लावत बसलो आणि शेवटी निघालं काय तर गुडघ्याची वाटी सरकत होती. छोट्या जातींत हे खूप असतं. म्हणून कुठे चाटतेय ते लिहून ठेवा. एकाच जागी असेल तर तिथे दुखतंय का बघायला सांगा, मागच्या बाजूला चाटून ढुंगण घासत असेल तर गुदाजवळच्या ग्रंथी भरल्यात का ते. आणि एक कळकळीची विनंती, माणसांच्या दुखण्याचं जेल, स्प्रे, गोळ्या, टी ट्री तेल यातलं काहीही लावू-देऊ नका, चाटण्याने सगळं पोटात जातं आणि सहा किलोच्या जिवाला थोडंसुद्धा जिवावर बेतू शकतं.

प्रतिसाद:
रात्रीच्या सोफा-फरशीबद्दल. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २०१२ मध्ये असा अभ्यास छापला होता, सारखी जमीन-भिंती चाटणारी १९ कुत्री तपासली तर त्यातल्या १४ जणांना पोटाचा काही ना काही आजार निघाला. लोक वेडी सवय म्हणून सोडून देतात पण बऱ्याचदा ती मळमळ असते. तुमची बुंदी गिळतेय, पिवळं ओकतेय, आणि संध्याकाळी सात ते सकाळपर्यंत पोट रिकामं. झोपायच्या आधी थोडं खायला देऊन बघा, रात्रीचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, तिथे टेबलावर गेल्यावर कुत्री शहाण्यासारखी बसतात आणि काहीच दिसत नाही. मात्र अचानक वेड्यासारखं गिळायला लागली, उलटी येतेय पण बाहेर काही पडत नाही, पोट टम्म, असं झालं तर सकाळची वाट बघू नका.

ओरडणं तेवढं बंद करा. तिच्या दृष्टीने दादा बोलला, दादाने बघितलं, एवढं पुरतं. काही न बोलता उठा, तिला बोलवा, जुन्या टॉवेलच्या घडीत खाण्याचे दाणे लपवून द्या.

धागाकर्ती (बारा दिवसांनंतर):
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप धीर आला. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, व्हिडिओ दाखवले. त्यांनी पट्टी लावून बघितलं, यीस्ट निघालं, दोन्ही कानांतही. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू दिलाय आणि फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा म्हणालेत. मी आधी लावून लगेच धुऊन टाकायचे, त्यामुळे औषधाला वेळच मिळत नव्हता. बादलीत उभी करून मांडीवर डोकं घेऊन बसते, दहा मिनिटं होतात. लालपणा निम्म्याहून कमी झालाय. रात्री अकराला दोन चमचे भात-चिकन देतोय, तेव्हापासून पिवळी उलटी नाही, चाटणं बारा रात्रींत तीनदाच झालं. तरी पोटाची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात करून घेतोय. मुलगा आता अभ्यासातून उठून दहा मिनिटं टॉवेलचा खेळ खेळतो तिच्याशी.

आता पुढचं. डॉक्टर म्हणतात सोनोग्राफी ठीक आली की खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का बघायला आठ आठवडे एकच ठरवलेलं खाणं, आणि मग जुनं परत देऊन खाज वाढते का बघायचं. मधे पोळीचा एक तुकडा जरी गेला तरी सगळं पहिल्यापासून. सासूबाई चार वर्षं रोज स्वतःच्या पानातला पहिला घास बुंदीला देतात, ती दारात त्यांची वाट बघत बसते, तो मी कुठल्या तोंडाने थांबवू? त्याच नव्या खाण्याचे दाणे वाटीत काढून त्यांच्या पानाशेजारी ठेवले तर चालेल ना? ज्यांनी हे आठ आठवडे घरातल्या मोठ्या माणसांना सांभाळून पूर्ण केलेत त्यांनी नक्की लिहा, सोमवारपासून सुरू करायचंय.