गॅस मीटरवरचा घनमीटर आणि बिलावरचा एससीएम एकच असतो का?

पश्चिमगच्ची:
आमच्याकडे पुण्यात पाइपचा गॅस येऊन चार वर्षे झाली. मीटर पश्चिमेच्या गच्चीतल्या भिंतीवर आहे आणि दुपारी तीननंतर त्याच्यावर थेट ऊन येते. मीटरवर घनमीटर छापलेले आहे, बिलावर मात्र एससीएम असते, आणि बिलातला आकडा मीटरच्या दोन नोंदींच्या वजाबाकीशी तंतोतंत जुळतो. वायू तापला की प्रसरण पावतो, हे आपण शाळेत शिकलो. मग हे दोन्ही घनमीटर सारखे कसे? ग्राहक केंद्रात विचारले, तर ‘युनिट म्हणजे युनिट’ एवढेच उत्तर मिळाले.

मापाडी:
ते सारखे नाहीतच. एससीएम म्हणजे 15 अंश सेल्सिअस तापमान आणि 1.01325 बार निरपेक्ष दाब असताना एक घनमीटर जागा व्यापणारा वायू. आयएसओ 13443 या मानकातली संदर्भस्थितीही हीच आहे. घरगुती डायफ्रॅम मीटरला तापमान कळत नाही आणि दाबही कळत नाही. त्याच्या पोटातले कप्पे किती वेळा भरले आणि रिकामे झाले, एवढेच तो मोजतो.

तुमच्या बाबतीत उन्हापेक्षा पुण्याची उंची अधिक महत्त्वाची आहे, कारण दुपारी तीनला शेगडी बहुधा बंदच असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे हवेचा दाब 0.948 बारच्या आसपास असतो, आणि रेग्युलेटर त्यात साधारण 21 मिलिबारची भर घालतो. ही बेरीज 1.01325 ने भागल्यास 0.956 येते, वायू 25 अंशांवर असेल, तर तापमानाचा गुणक 0.966 धरावा लागतो. दोहोंचा गुणाकार 0.924, म्हणजे मीटरवरच्या एका घनमीटरात तेवढेच एससीएम. मुंबईत 30 अंशांना हाच आकडा 0.97 च्या घरात जातो. कारखान्यांच्या मीटरवर ईव्हीसी नावाचे यंत्र बसवलेले असते, ते दाब आणि तापमान वाचून हा हिशेब सतत करत राहते. सीएनजी तर किलोवरच विकतात, कारण 200 बारला दाबलेल्या वायूचे नुसते आकारमान सांगून ग्राहकाला काहीच बोध होणार नाही.

लीड्सवासी:
इथे ब्रिटनमध्येही घरोघरचे तापमान कोणी मोजत नाही. 1996 च्या नियमांनुसार घरगुती मीटरच्या आकड्याला सरसकट 1.02264 ने गुणतात, मग वायूच्या उष्मांकाने गुणतात (माझ्या बिलावर तो दर घनमीटरला 39 मेगाज्यूलच्या आसपास असतो) आणि 3.6 ने भागून किलोवॅट-तास काढतात. सरासरीचा गुणक असल्याने कोणावर थोडा अन्याय होतोच, पण सगळे आकडे बिलावर छापलेले असल्याने ग्राहकाला स्वतः पडताळा घेता येतो.

निळीज्योत:
लीड्सवासींनी उष्मांकाचा विषय काढला हे बरे केले, कारण शेवटी आपण विकत घेतो ती उष्णता. थंड पाण्याचे पातेले शेगडीवर ठेवले की त्याला बाहेरून दव धरते. ते पाणी गॅसच्या ज्वलनातून तयार झालेले असते. ही वाफ निवताना जी उष्णता सुटते ती हिशेबात धरून काढलेला उष्मांक म्हणजे जीसीव्ही, सोडून देऊन काढलेला तो एनसीव्ही. नैसर्गिक वायूत या दोहोंत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो.

यातून भलते गैरसमजही होतात. नोव्हेंबर 2014 मध्ये देशी वायूचा दर एमएमबीटीयूमागे (हे उष्णता मोजण्याचे एकक) 5.05 डॉलर ठरला, तो जीसीव्हीवर, त्याआधीचा 4.20 डॉलरचा दर एनसीव्हीवर होता. त्यामुळे वीस टक्के भासणारी वाढ प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या वर होती.

पश्चिमगच्ची:
मापाडींच्या गुणकाने मागचे बिल तपासले. दोन महिन्यांचे 26 घनमीटर होते, त्याचे 24 एससीएम होतात. आता कंपनीला लेखी विचारतो.

मापाडी:
विचारताना चोरीचा आरोप करू नका, कारण हा फरक दर ठरवतानाच धरलेला असण्याची शक्यता आहे. गुणक लावला आहे का, आणि त्याच दोन महिन्यांचा सरासरी जीसीव्ही किती होता, हे दोनच प्रश्न ठेवा. एमएमबीटीयू म्हणजे 2,52,000 किलोकॅलरी; एका एससीएममध्ये 10,000 किलोकॅलरी असतील, तर एका एमएमबीटीयूला 25.2 एससीएम लागतात. त्यांचा आकडा हाती आला की तुमच्या 24 एससीएममधली उष्णता तुम्हालाच काढता येईल.