मॉड्यूल सापडेना म्हणून अख्खं ॲन्सिबल टाकायचं का?

मिहानकर:
ॲन्सिबल (एका मशीनवरून बाकीचे सर्व्हर सेट करायचं टूल) चालवताना 'कुडन्ट रिझॉल्व्ह मॉड्यूल', म्हणजे एखाद्या कामाचा तयार कोड सापडत नाही असा एरर, दिसला की आमचे पोट्टे पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) अख्खं ॲन्सिबल पॅकेज टाकून मोकळे. हे बंद व्हायला पाहिजे राव. २०२० मध्ये २.१० आलं तेव्हाच बहुतेक मॉड्यूल्स बाहेर कलेक्शन्समध्ये (मॉड्यूल्सचे वेगळे गठ्ठे) गेली, त्यामुळे नुसतं ॲन्सिबल-कोअर (मूळ गाभा) असेल तर फक्त बिल्टइनवाली मिळतात, टाइमझोन बदलायचं मॉड्यूलसुद्धा कम्युनिटी डॉट जनरल नावाच्या कलेक्शनमध्ये आहे. मग प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट्स डॉट वायएमएल ठेवा, त्यात कलेक्शन्सचं व्हर्जन लिहा, गॅलॅक्सीने (कलेक्शन्स मिळायची ऑनलाइन जागा) इन्स्टॉल करा अन प्लेबुकमध्ये (कामांची यादी असलेली फाइल) मॉड्यूलचं पूर्ण नाव लिहा. कोणाच्या मशीनवर काय आहे हे विचारत फिरावं लागत नाही.

टर्री_पोहे:
ऑफिसात बसून बोलायला सोपं आहे भाऊ. क्लायंटच्या प्रॉक्सीमागे पिपचा मिरर (पॅकेजेसची कॉपी ठेवलेला सर्व्हर) चालतो पण गॅलॅक्सी ब्लॉक, तिथं काय करशील? अख्खं पॅकेज एका झटक्यात येतं, आतली कलेक्शन्स एकमेकांसोबत तपासलेली असतात, व्हर्जनचा आकडाही एकच सांभाळायचा. डिस्क भरते म्हणतात, भरू दे ना.

मिहानकर:
गॅलॅक्सी ब्लॉक असेल तर बाहेरच्या मशीनवर 'कलेक्शन डाउनलोड' मार, टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइली) मिळतात, ते आत घेऊन जा. अन मेजर व्हर्जन बदललं की त्या पॅकेजमधून जुनी कलेक्शन्स काढून टाकतात, तेव्हा तुझा एकच आकडा काय कामाचा?

बर्डीवाला:
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडून राहिले. आधी एरर तर पूर्ण वाचा ना बे, 'कुडन्ट रिझॉल्व्ह' म्हणजे कंट्रोल मशीनवर (जिथून ॲन्सिबल चालवतो ती) कलेक्शन नाही किंवा स्पेलिंग चुकलं, पण 'नो मॉड्यूल नेम्ड डॉकर' हा पायथनचा एरर आहे, त्यात ॲन्सिबलचं मॉड्यूल सापडलेलंच असतं, समोरच्या सर्व्हरवर ते ज्या पायथनने चालतंय त्याच्यात लायब्ररी नसते. तिथं कंट्रोल मशीनवर कितीही कलेक्शन्स टाका, फरक शून्य. कोणता पायथन ते बघा, गरज पडली तर ॲन्सिबल_पायथन_इंटरप्रिटर सेट करा. अन सुडोने (रूट म्हणजे ॲडमिन युजर बनून) प्लेबुक चालवणाऱ्यांनो, कलेक्शन तुमच्या होम फोल्डरात पडलंय, रूटला ते कुठून दिसणार? 'ॲन्सिबल-गॅलॅक्सी कलेक्शन लिस्ट' सुडो लावून अन न लावता चालवून बघा, तिथंच समजतं.

टर्री_पोहे:
हे बरोबर, पण माझा मुद्दा तसाच आहे. मिहानकर कलेक्शन्स पिन करतो (व्हर्जन पक्कं लिहून ठेवतो) अन कोअर मोकळं सोडतो. कोअर २.१७ ने समोरच्या मशीनवरच्या पायथन ३.६ चा सपोर्ट सोडला, आरएचईएल ८ (रेड हॅटचं लिनक्स) वर डीएनएफची (त्यातलं पॅकेज टाकायचं टूल) बाइंडिंग्ज, म्हणजे पायथनशी जोडणारा कोड, त्याच ३.६ ला बांधलेली, म्हणजे नवीन पायथन टाकूनही डीएनएफ मॉड्यूल चालत नाही. रिक्वायरमेंट्स डॉट वायएमएल इथं काय दिवे लावणार?

मिहानकर:
मग कोअर २.१६ वर पिन कर, कोणी अडवलं? ते पण फाइलीतच लिहायचं आहे, फक्त ती फाइल पिपची. अन तू अख्खं पॅकेज व्हर्जन न लिहिता टाकलंस तर त्याच्यासोबत कोअर पण वर जाणारच ना.

टर्री_पोहे:
व्हर्जन लिहूनच टाकतो मी. अन तुझे ते टारबॉल सिक्युरिटीवाल्यांकडून पास करून आणायला आमच्याकडे तिकीट काढावं लागतं, तू येऊन काढतोस का?